माईंसोबत येणारी बाई

नानाखेडा, उज्जैन
६ मे २०२५

प्रिय मंगलाआत्या,

नमस्कार. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर लिहिलं की "तुकडे पाठवू नकोस" म्हणून ओरडतेस. तर हे घे, ईमेलवर पूर्ण पत्र. पप्पा म्हणाले, "घरात बँकेची नोकरी एकट्या ताईने केली, पहिलं तिलाच कळव."

मला बँकेत काम मिळालंय. नोकरी नाही गं, समर इंटर्नशिप. एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर करावीच लागते. माझ्या वर्गातले सगळे मुंबई-बेंगळुरूला पळाले आणि मला मिळाली उज्जैनचीच ब्रांच, फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या जवळ. आधी रडायला आलं. पण बँक खूप मोठी आहे आणि काम आवडलं तर कॉलेज संपल्यावर डायरेक्ट नोकरीची ऑफर देतात. म्हणून गळ्यात आयकार्डचा पट्टा अडकवून रोज वेळेच्या आधी पोचते.

ज्यांच्या हाताखाली मी आहे ते विक्रांत सर, डेप्युटी मॅनेजर. इथल्याच जुन्या मराठी घरातले. खापरपणजोबा शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, हे पहिल्या भेटीतच सांगून टाकतात. बोलणं इतकं गोड की रागावलेला माणूस चहा पिऊन परत जातो.

काल ते मला एका ग्राहकाच्या घरी घेऊन गेले. माई दिघे म्हणून आहेत, आमच्या घराहून जवळच राहतात. कन्याशाळेच्या प्रिन्सिपल होत्या. आता डोळ्यांत मधोमध डाग पडला आहे. समोरचं माणूस दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून माझ्याशी बोलताना त्या भिंतीकडे तोंड करून बसतात, पहिल्यांदा फार विचित्र वाटलं. सर म्हणाले, "ऋता, तू माईंशी मराठीत गप्पा मार, त्यांना बरं वाटतं. तोवर मी एफडी रिन्यू करून टाकतो." मग मी बोलत बसली, शाळेचं, स्नेहसंमेलनाचं. सर टॅबवर काम करत होते. माईंच्या फोनवर ओटीपी आला, त्यांना वाचता येईना, तो मीच वाचून दाखवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे काम करणारी दुर्गाबाई बाहेर आली. "कौन सा नंबर दे रही हो?" असं मलाच विचारलं, एकदम पोलिसासारखं. सर हसले, "एफडी का है दुर्गाबाई, चाय पिलाओ." चहा दिला, पण नजर हटवली नाही. आत्या, मला ती बाई बिलकुल आवडली नाही.

पप्पांनी नमस्कार सांगितला आहे.

तुझी,
ऋता


नाशिक
९ मे २०२५

प्रिय ऋता,

पत्र वाचून बरं वाटलं. "मी बोलत बसली" वाचून मात्र डोक्याला हात लावला. तुझ्या पप्पाने, सुहासने, उज्जैनला रेल्वेची नोकरी मिळवली आणि मराठीतला शेवटचा "ले" घालवला. मी बसले, मी गेले, मी आले. लिहून काढ.

बँकेत दोन महिने आहेस तर डोळे उघडे ठेव. वयस्कर ग्राहक आला की त्याच्याकडे नंतर बघायचं, आधी सोबत कोण आलंय ते बघायचं. माझ्या काउंटरवर एक गृहस्थ यायचे, भाचा दंड धरून आणायचा, आम्ही सगळे त्याचं कौतुक करायचो. गृहस्थ वारल्यावर त्यांच्या मुलींना कळलं, खात्यात काहीच उरलेलं नाही. भाचा फार प्रेमळ होता.

तुझ्या त्या दुर्गाबाईचं नातं काय माईंशी? नुसती कामाला आहे की राहते तिथे? माईंचा फोन तिच्या हातात असतो का?

माझं ठीक. स्नेहा सकाळी येते, स्वयंपाक करते, बाजार करते. पोरगी चांगली आहे. फक्त हल्ली फोन आला की गॅलरीत जाते आणि दार लोटून घेते. कानात यंत्र लावूनही मला नीट ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, मग बाहेर जायचं कारण काय? असो.

सुहासला म्हणावं, चालायला जात जा.

तुझी,
मंगलाआत्या


उज्जैन
२० मे

प्रिय आत्या,

तू म्हणालीस तसंच निघालं! मला मिळालेला प्रोजेक्टही तोच आहे, "ज्येष्ठ नागरिक सुरक्षा". हॉलमध्ये बसायचं, म्हाताऱ्या माणसांसोबत कोण येतं, काय बोलतं, सही कोण करायला लावतं, ते बघायचं. आता मला सगळे चोरच दिसायला लागले आहेत. एक पंडित गुजराती यात्रेकरूंना एटीएमवर घेऊन आला, मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याने मलाच विचारलं, "मैडम, कुछ चाहिए?" घरी पप्पांनी आईला पिन विचारला तर मी पप्पांकडे अशी बघितली की ते म्हणाले, "अगं, दूध आणायचंय."

पण दुर्गाबाईचं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ती माईंच्या वरच्या खोलीत राहते, भाडं नाही. नवरा नाही. माईंचा मुलगा पुण्यात. फोन हिच्याच पिशवीत असतो, आणि एटीएम कार्डसुद्धा.

मागच्या आठवड्यात ती एकटी ब्रांचमध्ये आली, सरळ विक्रांत सरांच्या केबिनमध्ये. काचेतून दिसत होतं, हात हलवून हलवून बोलत होती. मी फाइल द्यायला आत गेली तर चूप. सर हसून म्हणाले, "हाँ हाँ, अगले हफ्ते देखते हैं." ती गेल्यावर मी विचारलं. सर म्हणाले, "तुला सांगायला नको, पण तू शिकायला आली आहेस. तिला माईंची एफडी मोडून हवी आहे. म्हणते माईंनी पाठवलंय. मग माई कुठे आहेत?"

मग रोज येऊ लागली. काल माईंना घेऊनच आली. दंड असा धरला होता की मला तुझा तो भाचाच आठवला. माई तोंड फिरवून गप्प. मी जवळ जाऊन "नमस्कार माई" म्हटलं तर त्यांनी नुसती मान हलवली, त्या दिवशी इतक्या गप्पा मारल्या होत्या! आणि दुर्गाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ये भी इनके साथ थी." म्हणजे काय? माझ्यावरच उलटवायचं?

सर म्हणाले, "ऋता, हे सगळं तू लिहून दे. तू बाहेरची आहेस, तुझ्या निरीक्षणाला वजन आहे." आत्या, लिहू का? कोणाच्या पोटावर पाय तर नाही ना येणार?

ऋता


नाशिक
२२ मे

ऋता,

लिही. यात विचार करण्यासारखं काही नाही. नात्याची नाही, गोताची नाही, फोन तिच्याकडे, कार्ड तिच्याकडे, आणि म्हातारी तिच्यासमोर गप्प. आणखी काय हवं? भाच्याच्या वेळी आम्ही कुणी लिहिलं नाही, म्हणून सांगते.

जे पाहिलंस तेवढंच लिही, पण लिही.

मीही कपाटाला कुलूप लावायला सुरुवात केली आहे. स्नेहाचं गॅलरीतलं बोलणं वाढलंय. परवा दाराच्या काचेतून मी तिच्या ओठांकडे बघत होते, तिने मला पाहिलं आणि पाठ फिरवली. तुझ्या पत्रामुळे माझेही डोळे उघडले म्हणायचे.

मंगलाआत्या


उज्जैन
३१ मे

प्रिय आत्या,

झालं सगळं. मी लिहून दिलं आणि सरांनी ते ब्रांच मॅनेजर मॅडमना दाखवलं. मॅडम इथल्या नाहीत, भोपाळच्या आहेत, मराठी येत नाही. त्यांनी माईंना बोलावून घेतलं. दुर्गाबाईला गार्डने बाहेरच थांबवलं, ती काचेच्या दाराशी उभी होती.

मॅडमनी फार प्रेमाने विचारलं, "माँजी, घबराइए मत. ये औरत आपसे ज़बरदस्ती पैसे निकलवा रही है क्या?"

माई काही बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसल्या होत्या, म्हणजे मॅडमकडेच बघत होत्या. मॅडमनी परत विचारलं, "कोई दबाव है आप पर?" तेव्हा माई मराठीत म्हणाल्या, "मला घरी जायचं आहे."

सर मॅडमना म्हणाले, "देखिए, डरी हुई हैं."

तेवढ्यावर ठरलं. कार्ड बंद, दुर्गाबाईला ब्रांचमध्ये यायला मनाई, आणि पुण्याला मुलाला फोन. मुलगा म्हणाला, जूनअखेर येतो आणि आईला घेऊनच जातो, आणि त्या बाईने तोवर खोली रिकामी करावी.

मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. सर म्हणाले, हेड ऑफिसला जे प्रेझेंटेशन जाणार आहे त्यात ही केस सगळ्यात वर टाक, ऑफर पक्की समज. पप्पांनी मिठाई आणली, मावा बाटी. मी खूश असायला पाहिजे ना?

पण एक सांगते. मी जेवायला खाली उतरली तेव्हा दुर्गाबाई पायऱ्यांवर बसली होती. मला वाटलं शिव्या देईल. तिने आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, "बेटी, तूने इतना सब लिख दिया. एक बार मुझसे पूछ तो लेती कि मैं रोज-रोज आती क्यों हूँ."

मी तशीच निघून गेली. तेव्हापासून तेच डोक्यात फिरतं आहे. तिने नाटक केलं असेल ना?

ऋता


नाशिक
२ जून

प्रिय ऋता,

तुझं पत्र मी काल वाचलं, आज पुन्हा वाचलं, आणि आधीची पत्रंही उघडून वाचली. मला एक गोष्ट आता दिसते आहे आणि ती आधी दिसली नाही याचा राग येतो आहे.

ज्याला खातं रिकामं करायचं असतं तो बँकेत आवाज करत नाही. तो भाचा कधी आमच्याशी भांडला नाही. तो "थँक यू मॅडम" म्हणायचा. दुर्गाकडे कार्ड होतं, फोन होता. तिला पैसेच हवे असते तर ती एटीएममधून गुपचूप काढून मोकळी झाली असती. केबिनमध्ये जाऊन हात हलवून ती कशासाठी भांडत होती? एफडी मोडायची होती हे तुला कोणी सांगितलं? विक्रांतने. माई घाबरल्या आहेत हे कोणी सांगितलं? विक्रांतने. तू फाइल घेऊन आत गेलीस तेव्हा चूप कोण झालं, ती, की तो?

आणि जुनी एफडी तीच पुढे चालू ठेवायला त्याला घरी यायची, टॅब उघडायची काय गरज? ती तर आपोआपसुद्धा पुढे जाते. त्या दिवशी तू वाचून दाखवलास तो ओटीपी कशाचा होता?

कदाचित मी चुकत असेन. मागच्या वेळीही मी अशीच खात्रीने बोलले होते. म्हणून या वेळी लिही-बिही म्हणत नाही. जा आणि विचार.

स्नेहा आता येत नाही. त्याबद्दल विचारू नकोस.

मंगलाआत्या


उज्जैन
८ जून

आत्या,

आज रविवार. सकाळीच माईंकडे गेली. घरी सांगितलं नाही.

दार उघडंच होतं. माई खुर्चीत बसल्या होत्या. मी "माई" म्हटलं तर लगेच म्हणाल्या, "बँकेची मुलगी." मी म्हटलं, "तुम्ही ओळखलं?" तर म्हणाल्या, "आवाजावरूनच ओळखते मी आता. तुझा आवाज चांगला आहे. आकडे स्पष्ट वाचतेस."

मला तिथेच कळलं, आत्या. कोणी काही सांगायच्या आधी.

दुर्गाबाई वरून खाली आली. तिच्या खोलीतलं सामान गाठोड्यांत बांधलेलं मला जिन्यातून दिसत होतं. मला बघून ती परत वर जायला निघाली. मी म्हटलं, "तुम बोली थीं ना, पूछ तो लेती. पूछने आई हूँ." ती उभीच राहिली, बसली नाही. मग म्हणाली, "वो एफडी नहीं थी. बीमा था. कंपनी से फोन आया, बधाई हो माताजी, आपकी पॉलिसी बन गई. हर साल भरना है, दस साल तक. माई की उमर देखी है तूने?"

एफडीची मुदत संपली होती, ती सगळी रक्कम त्यात गेली. पॉलिसीचं पाकीट कुरिअरने आलं तेव्हा दुर्गाबाईने मेडिकल स्टोअरवाल्याकडून वाचून घेतलं. त्याने सांगितलं की नको असेल तर परत करता येते, पण मुदत असते. म्हणून ती रोज जात होती. आणि सर रोज "अगले हफ्ते". ती म्हणाली, "वो तारीख निकलने का रास्ता देख रहे थे. मैं चिल्लाने लगी तो तुझे मेरे पीछे लगा दिया."

मी माईंना विचारलं, "मॅडमनी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

माई म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलींना सांगत आले, न वाचता सही करू नका. आता त्या केबिनमध्ये बसून सांगू, की मला एका पोराने गोड बोलून फसवलं? मुलाला कळलं असतं तर तो म्हणाला असता, आता एकटी राहू नकोस, चल पुण्याला. मला हे घर सोडायचं नाही. वाटलं, गप्प राहिलं तर निभावून जाईल." मग म्हणाल्या, "दुर्गेला चोर म्हणत होते, ते मला ऐकू येत होतं. डोळे गेलेत, कान नाही."

दुर्गाबाई स्वयंपाकघरात गेली होती. आतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

आणि आत्या, इतकं होऊनसुद्धा ती माईंना सोडून गेली नाही. वर गाठोडी बांधून ठेवली आहेत आणि खाली येऊन पोळ्या करते आहे.

मुदत या आठवड्यातच संपते. उद्या मी काय करू? सरांना विचारलं तर ते मला पण "अगले हफ्ते" म्हणतील. मॅडम त्यांचंच ऐकतात. आणि ऑफर? पप्पांनी सगळ्या ऑफिसमध्ये सांगून टाकलं आहे. मला खूप भीती वाटून राहिली आहे.

ऋता


नाशिक
८ जून

ऋता,

लगेच लिहिते आहे.

तोंडी काही बोलायचं नाही. पॉलिसी नको, रद्द करा, असा माईंच्या सहीचा साधा अर्ज लिहा. बँकेत द्या, शिक्का मारलेली पोच घ्या, आणि तोच अर्ज विमा कंपनीला ईमेलने पाठवा. पोच देत नाहीत तर हलू नका. उद्याच करा.

माईंनी स्वतः जायला हवं आणि स्वतः बोलायला हवं. तू त्यांच्या वतीने बोललीस तर उद्या तुझ्याबद्दल तेच लिहितील जे तू दुर्गाबद्दल लिहिलंस.

ऑफरचं मी तुला सांगणार नाही. तू मोठी आहेस. सुहासला काय सांगायचं ते मी सांगेन, तेवढं माझ्यावर सोड.

स्नेहाचं विचारू नकोस म्हटलं होतं, पण हे लपवून तुला उपदेश करणं बरं नाही. मी तिला काढून टाकलं. काही हरवलं नव्हतं. काहीच नाही. फक्त तिला म्हटलं, तू गॅलरीत जाऊन कुणाला माझ्या घरातलं सांगतेस? ती रडायला लागली, आणि मला वाटलं, रडते आहे म्हणजे खरंच आहे. तिच्याकडे असायची ती घराची चावी ठेवून गेली. तुझ्या पत्रातली दुर्गा मी माझ्या घरात शोधत होते.

उद्याचं कळव.

मंगलाआत्या


उज्जैन
२१ जून

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. मेसेजवर तुला "झालं" एवढंच कळवलं होतं, आता नीट सांगते.

त्या सोमवारी आम्ही तिघी ऑटोने गेलो. गार्डने दुर्गाबाईला अडवलं, "इनको अंदर नहीं जाना." माईंनी विचारलं, "कोण बोलतंय?" मग त्याच्यापासून जरा बाजूला तोंड फिरवून, म्हणजे तो त्यांना दिसेल असं, हिंदीत म्हणाल्या, "ये मेरे साथ है. इनके बिना मैं भी नहीं जाऊँगी." गार्ड बाजूला झाला. त्याची बहीण त्यांच्या शाळेत होती, नंतर कळलं.

हॉल भरलेला होता. विक्रांत सर धावत आले, "माई! तुम्ही कशाला त्रास घेतलात, मीच येणार होतो." खुर्ची ओढली, चहा सांगितला. माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, हे काय? माई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "केबिनमध्ये नाही. मागच्या वेळी केबिनमध्ये माझं तोंड उघडलं नाही. इथेच बोलते."

आणि आत्या, त्यांनी असा आवाज लावला, प्रार्थनेच्या वेळी मैदानात लावत असतील तसा. हिंदीत, म्हणजे केबिनमधून बाहेर आलेल्या मॅडमना कळेल असं. "मुझे दिखाई नहीं देता. इन्होंने कहा एफडी है, मैंने मान लिया. वो बीमा निकला. मुझे बीमा नहीं चाहिए. और उस दिन आपने पूछा कि ये औरत मुझे लूट रही है क्या, मैं चुप रही. शर्म के मारे चुप रही. गलती मेरी थी. ये मुझे लूट नहीं रही थी, ये अकेली मेरे लिए लड़ रही थी."

सगळा हॉल ऐकत होता. सर हसत होते, पण नुसते ओठच हसत होते. "माई, आपको गलतफहमी हुई है, ओटीपी तो आपने खुद दिया था." आणि मग माझ्याकडे वळून, "ऋता, तू होतीस ना तिथे? सांग मॅडमना."

मी म्हटलं, "होती. ओटीपी मी वाचला. सर, तुम्ही एफडीचा म्हणून सांगितला होता. दुर्गाबाईने विचारलं तेव्हा पण तुम्ही एफडीचाच म्हणालात." आणि मॅडमना सांगितलं की मी आधी जे लिहून दिलं ते न विचारता लिहिलं, आता जे खरं आहे तेही लिहून देते.

मॅडमनी स्वतः अर्ज घेतला आणि स्वतः शिक्का मारला. विमा कंपनीला मेल आम्ही तिथेच बसून केला. परवा पॉलिसी रद्द झाल्याचं आलं आणि पैसे माईंच्या खात्यात परत आले.

सरांवर काय झालं? बदली, रतलामला. ते म्हणे तसेही जाणारच होते. जाताना मला म्हणाले, "ऋता, यू विल लर्न." अजूनही तितकंच गोड. मला प्रमाणपत्र मिळेल, ऑफर नाही. प्रेझेंटेशन दुसऱ्याच इंटर्नचं गेलं. तू पप्पांना काय लिहिलंस माहीत नाही, पण त्यांनी एक शब्द विचारला नाही. जेवताना माझ्या पानात आपल्या वाटणीची बाटी ठेवली.

माईंनी मुलाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तो येऊन गेला, खूप वाद झाला, पण माई इथेच आहेत. दुर्गाबाईची गाठोडी सुटली. मी तिची माफी मागायला गेली होती. तिने ऐकून घेतलं, "ठीक है" म्हणाली आणि दळणाचा डबा उचलून निघून गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही. माईंकडे मी रोज वर्तमानपत्र वाचायला जाते, तर ती दारात उभी राहून ऐकते, मी काय वाचते ते. तिचं बरोबर आहे.

तू स्नेहाकडे गेलीस का?

ऋता


नाशिक
२९ जून

प्रिय ऋता,

गेले. तुझं पत्र आल्यावरही तीन दिवस घालवले, पण गेले.

तिचं घर शोधत जिना चढले. तिच्या आईने दार उघडलं आणि आत घेतलं नाही. स्नेहा बाहेर आली. मी आधी घरून पाठ करून आलेलं सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, "माझं चुकलं, तू परत ये." ती काहीतरी बोलली, मला कळलं नाही. मग तिने माझ्यासमोर उभं राहून सावकाश, ओठ दिसतील असं सांगितलं. "आजी, मी गॅलरीत जायचे कारण माझा फोन जवळ असला की तुमच्या कानातलं यंत्र खरखरतं. तुम्हीच एकदा दचकून कान धरला होता. तेव्हापासून जायचे."

फोन कुणाचा असायचा, मी विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं. तिचं लग्न जमतंय. मुलाचे फोन होते. म्हणून पाठ फिरवायची.

मला तिथे पायरीवर बसावंसं वाटलं. माझ्याशी रोज बोलणारं हे एकच माणूस, आणि तिच्या ओठांवरून मी काय काय वाचलं!

ती येईन म्हणाली. पगाराचं बोलले, तर जुनाच द्या म्हणाली. मग मी पर्समधून चावी काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने हात मागे घेतले. "चावी नको, आजी. उद्या तुमचं खरंच काही हरवलं तर?" रागाने नाही गं. अगदी साधेपणाने, बाजारातून काय आणू विचारावं तसं. मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

आता अडचण अशी झाली आहे की ती आली की बेल वाजवते आणि मला बेल ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी बिचारी बराच वेळ दारात उभी राहिली. म्हणून सकाळी चहा झाला की मी दार सताड उघडते, समोर खुर्ची टाकते आणि ती जिना चढून येईपर्यंत तिथेच बसून असते.

तुझी,
मंगलाआत्या